निपाणीची विडी आणि संसदेचे वेळापत्रक

येत्या रविवारी, १ फेब्रुवारी रोजी, दोन गोष्टी एकाच दिवशी घडणार आहेत. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन लोकसभेत २०२६-२७ या वर्षाचा अर्थसंकल्प मांडतील, आणि त्याच दिवसापासून तंबाखूजन्य पदार्थांवरील केंद्रीय उत्पादन शुल्काची नवी आकारणी आणि वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर लागू होतील. पहिल्या घटनेकडे सारा देश पाहील. दुसऱ्या घटनेचा हिशेब मांडला जाईल तो पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या निपाणीत, तेथील तंबाखूच्या वखारींत आणि आजूबाजूच्या गावांतील विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या घरांत.

या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, आणि तो अर्थमंत्र्यांच्या भाषणात सहसा सापडत नाही. संसदेच्या साप्ताहिक कार्यक्रमपत्रिकेत, अनुदानाच्या मागण्यांच्या तक्त्यांत आणि विनियोजन विधेयकाच्या अनुसूचीत तो दडलेला असतो. सीमाभागाच्या राजकारणात दिल्लीचे नाव निघते ते बहुधा सर्वोच्च न्यायालयातील २००४ पासून प्रलंबित असलेल्या दाव्याच्या निमित्ताने. संसदेत दर आठवड्याला काय घडते, याची चर्चा तेथे क्वचितच होते. गेल्या हिवाळी अधिवेशनाने या दुर्लक्षाची किंमत दाखवून दिली आहे.

डिसेंबरचे ते आठ दिवस

संसदेचे हिवाळी अधिवेशन १ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाले. पहिल्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी लोकसभेत दोन विधेयके मांडली. केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्यात दुरुस्ती करून सिगारेट, जर्दा, हुक्का आणि कच्चा तंबाखू यांवरील शुल्काची मर्यादा वाढवणारे विधेयक हे पहिले. पानमसाल्याच्या उत्पादन यंत्रांवर क्षमतेनुसार आरोग्य व राष्ट्रीय सुरक्षा उपकर बसवणारे दुसरे. पहिले विधेयक ३ डिसेंबरला लोकसभेत आणि ४ डिसेंबरला राज्यसभेत मार्गी लागले. दुसरे ५ डिसेंबरला लोकसभेने संमत केले आणि ८ डिसेंबरला राज्यसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. विधेयक मांडल्यापासून संसदेची मोहोर उमटेपर्यंत लागलेला काळ आठ दिवसांचा. यांतील कोणतेही विधेयक स्थायी समितीकडे गेले नाही.

८ डिसेंबर हा सोमवार सीमाभागाच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात राहण्यासारखा होता. त्याच दिवशी कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात सुरू झाले. २०१२ साली या वास्तूचे उद्घाटन झाले. तेव्हापासून डिसेंबरमधील अधिवेशन, त्याला विरोध म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीची महामेळाव्याची हाक, त्याला नाकारली जाणारी परवानगी आणि कार्यकर्त्यांची धरपकड हा क्रम बेळगावकरांच्या अंगवळणी पडला आहे. मराठी वाचकांचे लक्ष त्या दिवशी साहजिकच बेळगावकडे होते. दिल्लीत लोकसभा त्या दिवशी ‘वंदे मातरम्’च्या दीडशे वर्षांवरील प्रदीर्घ चर्चेत गुंतली होती. तंबाखूवरील करव्यवस्थेचा शेवटचा टप्पा राज्यसभेत पार पडला, तेव्हा निपाणीकडे कोणाचे लक्ष असण्याचे कारणच उरले नव्हते.

विधेयके संमत झाली म्हणजे दर ठरले, असेही नव्हे. संसदेने कमाल दर मंजूर केले; प्रत्यक्ष आकारणी कोणत्या दराने आणि कोणत्या तारखेपासून, हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे राहिला. सिगारेटच्या बाबतीत कायद्यातील दर हजार कांड्यांमागे २,७०० ते ११,००० रुपयांपर्यंत आहेत. ३१ डिसेंबरच्या अधिसूचनेने प्रत्यक्ष दर लांबीनुसार २,०५० ते ८,५०० रुपयांपर्यंत ठेवले आणि अंमलबजावणीसाठी १ फेब्रुवारी ही तारीख नक्की केली. कायदा आणि अधिसूचना यांमधील हे अंतर व्यापाऱ्याला समजते, कारण त्याच्याकडे कर सल्लागार असतो. तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आणि विडी वळणाऱ्या बाईला ते कोणी समजावून सांगत नाही.

विडीचा कर घटला, कामगाराचा वाटा कोठे?

या साऱ्या फेररचनेत विडीला मिळालेली वागणूक वेगळी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने दरांची पुनर्रचना केली, तेव्हा सिगारेट, जर्दा आणि पानमसाला यांना ४० टक्क्यांच्या टप्प्यात टाकण्यात आले. विडीवरील कर मात्र २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. विडीच्या पानावरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पानाचा दर २२ सप्टेंबरपासूनच लागू झाला. विडीचा नवा दर भरपाई उपकराच्या कर्जफेडीमुळे लांबला होता, तो आता १ फेब्रुवारीपासून अंमलात येत आहे.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय वादग्रस्त आहे. विडी सिगारेटपेक्षा कमी घातक असल्याचा कोणताही पुरावा वैद्यकशास्त्राकडे नाही, आणि ती ओढणारा वर्ग उपचारांचा खर्च सोसण्यास सर्वांत असमर्थ असतो. कर घटवण्याच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केला जाणारा मुद्दा म्हणजे विडी कामगारांचा रोजगार. देशात नोंदणीकृत विडी कामगारांची संख्या सुमारे ५० लाख आहे आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. त्यांच्या नावाने ही सवलत मागितली गेली आणि ती मिळाली. मग त्या सवलतीतील किती वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचेल, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

याचे उत्तर समजण्यासाठी १९७६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी संसदेने विडी कामगार कल्याण उपकर कायदा आणि विडी कामगार कल्याण निधी कायदा हे दोन कायदे केले. तयार विडीवर हजारी हिशेबाने उपकर घ्यायचा, तो कारखानदाराने भरायचा आणि तेवढी रक्कम कल्याण निधीत जमा करून तिच्यातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीला साहाय्य द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. उपकराची रक्कमही आधी भारताच्या संचित निधीत जाई आणि संसदेच्या विनियोजनानेच कल्याण निधीत येई. तरीही तिला एक आधार होता. किती विड्या विकल्या गेल्या, किती उपकर जमला आणि त्यातला किती निधीत आला, हा हिशेब कोणालाही मागता येत होता. तो पैसा कामगारांच्या नावाने वसूल झालेला होता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. अनेक करांचा एक कर करण्याच्या तर्कात ते बसणारे होते. योजना बंद झाल्या नाहीत. त्यांचा खर्च अर्थसंकल्पातून होऊ लागला. परंतु या बदलाने योजनांचा पाया बदलला. पूर्वी विडीच्या विक्रीशी बांधलेला पैसा आता कामगार व रोजगार मंत्रालयाच्या मागणीतील एक ओळ झाला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या मंत्रालयासाठी ३२ हजार कोटींहून अधिक तरतूद होती. तिच्यातील बहुतांश रक्कम निवृत्तिवेतन योजना आणि रोजगार प्रोत्साहन योजना यांसाठी होती. विडी, खाण आणि चित्रपट कामगारांसाठीची एकत्रित कल्याण योजना तिच्या एक टक्क्यालाही पोहोचत नाही.

१ फेब्रुवारीच्या बदलातील खरी विसंगती येथे आहे. कामगारांचे नाव घेऊन उद्योगाला दहा टक्के गुणांची करसवलत मिळते. त्या सवलतीशी मजुरीची, दवाखान्याची वा शिष्यवृत्तीची कोणतीही अट जोडलेली नाही. १९७६ चा कायदा उद्योगाकडून कामगारासाठी घेत होता. २०२६ ची व्यवस्था उद्योगाला देते आणि कामगारासाठी अर्थसंकल्पाच्या दरवर्षीच्या मर्जीवर विसंबते.

यात आणखी एक भर पडली आहे. विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा १९६६ चा स्वतंत्र कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला कामगार म्हणून ओळख देणारा तो महत्त्वाचा कायदा होता. ज्या संहितेत तो विरला, ती संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये, विरोधी पक्षांच्या बहिष्काराच्या काळात संमत केली होती.

निपाणीला हे नवे नाही

निपाणीने दिल्लीचे आणि बेंगळुरूचे दुर्लक्ष यापूर्वीही अनुभवले आहे. १९८१ च्या मार्च महिन्यात तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी राष्ट्रीय महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी ते आंदोलन मोडून काढले आणि गोळीबारात डझनभर शेतकऱ्यांचा बळी गेला. याच सुमारास वखारींत तंबाखू चाळणाऱ्या आणि कुटणाऱ्या स्त्रिया प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित होत होत्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. शेतकरी आणि वखारीतील मजूर यांचे हितसंबंध नेहमीच एक नव्हते, तरी दोघांचीही मूळ तक्रार एकच होती. बाजार ठरवणारे दुसरे आणि त्याचा भार सोसणारे आपण, अशी ती तक्रार होती.

या तक्रारीचे एक कारण आजही तसेच आहे. तंबाखू मंडळ १९७५ च्या कायद्याने स्थापन झाले. लिलावाची आणि नोंदणीची त्याची व्यवस्था सिगारेटसाठी लागणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूपुरती आहे. कर्नाटकात हा तंबाखू म्हैसूरच्या बाजूला, हुणसूर आणि पेरियापट्टण परिसरात होतो. निपाणीचा तंबाखू विडीचा. त्याला मंडळाचा लिलाव नाही. त्याचा भाव खासगी व्यापारात ठरतो. त्यामुळे वाणिज्य मंत्रालयाच्या मागणीत तंबाखू मंडळासाठी तरतूद झाली, तरी निपाणीच्या शेतकऱ्याच्या भावाला तिचा आधार मिळत नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे निपाणीत संशोधन केंद्र आहे, पण संशोधन केंद्र भाव देऊ शकत नाही. पर्याय म्हणून शेतकरी ऊस आणि सोयाबीनकडे वळत आले आहेत. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला ऊस परवडतो, कोरडवाहू रानाचा मालक तंबाखूला चिकटून राहतो.

तंबाखूवर कर वाढवणे आणि त्याचा वापर घटवणे हे योग्य धोरण आहे, यात शंका नाही. वापर घटवायचा असेल, तर त्यावर पोट असलेल्यांच्या स्थित्यंतरासाठी पैसा लागतो, आणि तो अनुदानाच्या मागण्यांतच दिसला पाहिजे. उत्पादन शुल्कातून मिळणारा महसूल केंद्र व राज्ये यांच्यातील विभाज्य निधीत येतो आणि त्याचा ४१ टक्के हिस्सा राज्यांना जातो. पंधराव्या वित्त आयोगाने या हिश्शात कर्नाटकाला ३.६४७ टक्के वाटा दिला. त्याआधी तो ४.७१३ टक्के होता. म्हणजे निपाणीत तंबाखूवर वाढलेल्या कराचा काही अंश बेंगळुरूमार्गे परत येण्याची शक्यता असते. तो निपाणीपर्यंत येईल याची मात्र कोणतीही व्यवस्था नाही.

चर्चेविना मंजूर होणारा पैसा

आता पुढील दोन महिन्यांच्या वेळापत्रकाकडे पाहू. बुधवारी, २८ जानेवारीला, राष्ट्रपतींच्या अभिभाषणाने अधिवेशन सुरू होत आहे. २९ जानेवारीला आर्थिक पाहणी अहवाल, १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प, त्यानंतर अभिभाषणावरील आभार प्रस्ताव आणि अर्थसंकल्पावरील सर्वसाधारण चर्चा असा पहिला टप्पा १३ फेब्रुवारीपर्यंत चालेल. मग सुट्टी. ९ मार्चला सभागृहे पुन्हा भरतील आणि २ एप्रिलला अधिवेशन संपेल.

सर्वसाधारण चर्चेत खासदार कशावरही बोलू शकतात. त्या चर्चेअखेर मतदान नसते. पैशावर खरे मतदान होते ते दुसऱ्या टप्प्यात, अनुदानाच्या मागण्यांवर. राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदाने हा अधिकार केवळ लोकसभेला दिला आहे. मागण्यांची संख्या शंभराच्या घरात असते. त्यांपैकी कोणत्या मंत्रालयांवर चर्चा घ्यायची, हे कामकाज सल्लागार समितीत ठरते. उरलेल्या सर्व मागण्या ठरलेल्या दिवशी एकत्रितपणे, चर्चेविना मताला टाकल्या जातात. याला संसदीय भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. खासदारांनी दिलेल्या कपात सूचनाही त्याबरोबर संपतात. त्यानंतर विनियोजन विधेयक संमत होते आणि संचित निधीतून पैसा काढण्यास कायद्याची परवानगी मिळते.

गेल्या वर्षी लोकसभेत रेल्वे, जलशक्ती आणि कृषी या मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा झाली. बाकीच्या मागण्या २१ मार्चला गिलोटिनने मंजूर झाल्या. ५० लाख कोटींहून मोठ्या खर्चाचे ते विनियोजन होते. २०२३ मध्ये तर गदारोळामुळे एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही आणि ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प २३ मार्चला काही मिनिटांत मंजूर झाला. २०१८ मध्येही असेच घडले होते. सत्तेवर कोणताही पक्ष असो, हा दोष वाढतच गेला आहे; गोंधळ घालणारा विरोधी पक्ष आणि त्या गोंधळाआड सुटका करून घेणारे सरकार, दोघेही त्याला जबाबदार आहेत.

वर्षाच्या मध्यात येणाऱ्या पुरवणी मागण्यांची कथा वेगळी नाही. डिसेंबरच्या अधिवेशनात सरकारने ४१,४५५ कोटी रुपयांच्या निव्वळ अतिरिक्त खर्चाला मंजुरी मागितली. त्यात खतांवरील अनुदानाचा मोठा वाटा होता. याच अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत महात्मा गांधींच्या नावाने असलेल्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा आला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, आणि मजुरीचा जो भार पूर्वी केंद्र उचलत असे, त्यातील ४० टक्के बहुतेक राज्यांकडे गेला. कर्नाटक आणि गोवा ही दोन्ही राज्ये याच गटात येतात. एवढा मोठा आर्थिक बदल लोकसभेत १८ डिसेंबरला प्रचंड गोंधळात आणि राज्यसभेत मध्यरात्रीनंतर मंजूर झाला. वखारीचे काम नसेल तेव्हा रोजगार हमीवर जाणारा मजूर केंद्राच्या पैशावर अवलंबून राहील की राज्याच्या, हा प्रश्न निपाणी आणि खानापूरच्या गावांत यापुढे उपस्थित होणार आहे.

तीन मतदारसंघांत विभागलेला आवाज

हे सारे विचारणार कोण? सीमाभागातील मराठी वस्तीचा लोकसभेतील आवाज एका ठिकाणी नाही. बेळगाव शहर आणि बेळगाव ग्रामीण हे विधानसभा मतदारसंघ बेळगाव लोकसभेत मोडतात. निपाणी चिक्कोडी लोकसभेत आहे. खानापूर तालुका, जो गोव्याच्या सीमेला भिडतो, तो उत्तर कन्नड लोकसभेत कारवार, भटकळ आणि शिरसीबरोबर जोडलेला आहे. २०२४ च्या निवडणुकीत बेळगावमधून भाजपचे जगदीश शेट्टर, चिक्कोडीतून काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी आणि उत्तर कन्नडमधून भाजपचे विश्वेश्वर हेगडे कागेरी निवडून आले. तिन्ही मतदारसंघांत मराठी मतदार आहेत आणि कोठेही ते निर्णायक बहुमतात नाहीत. विधानसभेत २०१८ आणि २०२३ अशा सलग दोन निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आलेला नाही.

सीमाप्रश्न सुटेपर्यंत प्रतिनिधित्वाचा प्रश्न सुटणार नाही, अशी एक भूमिका आहे. ती समजण्यासारखी आहे. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात बेळगाव कर्नाटकाकडे ठेवताना निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस होती. तो अहवाल महाराष्ट्राने फेटाळला, कारण बेळगाव सोडणे त्याला मान्य नव्हते. निपाणीची स्थिती त्यामुळे चमत्कारिक राहिली. तिच्या मुलांनी जेथे शिक्षण घेतले ते अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय हाकेच्या अंतरावर असून कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि गाव स्वतः बेळगाव जिल्ह्यात आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेचा आहे. दाव्याचा निर्णय न्यायालयाचा आहे. या दोन्ही गोष्टींना आणखी किती वर्षे लागतील, हे सांगता येत नाही. विडी कामगाराच्या मुलाची शिष्यवृत्ती मात्र दर वर्षी जूनमध्ये लागते. इयत्तेनुसार वर्षाला १,००० रुपयांपासून व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी २५,००० रुपयांपर्यंत असलेली ही रक्कम सीमेच्या कोणत्या बाजूला घर आहे यावर अवलंबून नसते. केंद्राने ती वेळेवर मंजूर केली की नाही, यावर अवलंबून असते.

भाषिक हक्कांच्या बाबतीतही हेच दिसते. अनुच्छेद ३५० ‘ख’ नुसार नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचा अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सभागृहापुढे ठेवावयाची कागदपत्रे’ या मथळ्याखाली त्याची एक ओळ येते आणि जाते. मराठी शाळा, मराठी फलक आणि मराठीतून सरकारी कागदपत्रे मिळण्याचा हक्क यांविषयी बेळगावच्या रस्त्यावर जितके बोलले जाते, त्याच्या शतांशानेही त्या अहवालावर सभागृहात बोलले जात नाही.

गोव्याने यात का लक्ष घालावे

गोव्यातील वाचकाला बेळगाव परके नाही. चोर्ला घाटातून रोज येणारी भाजी, उपचारांसाठी तिकडे जाणारे रुग्ण आणि दोन्हीकडे विखुरलेली सोयरीक हा संबंध जुना आहे. पण निपाणीच्या विडी कामगारांचा प्रश्न गोव्याशी याहून थेट जोडलेला आहे. १९७६ साली विडी कामगारांसाठी जसा उपकर आला, तसाच लोहखनिज, मँगनीज व क्रोम खाणींतील कामगारांच्या कल्याणासाठीही आला. गोव्याच्या खाणपट्ट्यातील कामगार त्या कायद्याच्या कक्षेत होते. तो उपकरही विडीच्या उपकराआधी काही काळ बंद झाला. आज खाण कामगार आणि विडी कामगार यांच्या कल्याणाचा पैसा एकाच मंत्रालयाच्या त्याच छोट्या ओळीत आहे. २०१२ नंतर खाणी बंद पडल्या, तेव्हा गोव्याने हे अनुभवले की उद्योग थांबला की कामगारासाठी ठरवून ठेवलेला निधी किती तोकडा ठरतो. विडीचा उद्योग एका दिवसात बंद होणार नाही. तो हळूहळू आटत जाईल. तेवढ्यासाठी तरी आधीच तरतूद हवी.

दुसरे कारण संख्येचे आहे. लोकसभेत गोव्याचे दोन आणि राज्यसभेत एक असे तीनच खासदार आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने करांच्या विभाज्य निधीत गोव्याला ०.३८६ टक्के वाटा दिला होता. संख्येच्या बळावर लहान राज्य काही मिळवू शकत नाही. त्याला कामकाजाचे नियम, समित्या आणि वेळापत्रक यांचाच उपयोग करावा लागतो. सीमाभागातील मराठी समाजाची स्थितीही नेमकी अशीच आहे.

सुट्टीतील तीन आठवडे

१३ फेब्रुवारी ते ९ मार्च हा काळ संसदेची सुट्टी म्हणून ओळखला जातो. मागण्यांची खरी छाननी याच काळात होते. १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या सुट्टीत प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या तपासतात, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात आणि अहवाल सादर करतात. कामगार मंत्रालयाच्या मागण्या कामगार, वस्त्रोद्योग व कौशल्य विकास समितीपुढे येतात. या समितीत दोन्ही सभागृहांचे आणि सर्व पक्षांचे सदस्य असतात, चर्चा दूरचित्रवाणीवर दिसत नसल्याने तेथे पक्षीय आवेशही कमी असतो. सभागृहात ज्या मागणीला गिलोटिन लागते, तिची चौकशी होण्याची जागा म्हणजे हीच समिती. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, परंतु त्यांवर काय कार्यवाही केली, हे सरकारला नंतर लेखी कळवावे लागते.

निपाणीच्या कामगार संघटनांना आणि तिन्ही मतदारसंघांच्या खासदारांना करता येण्याजोगे काम येथे आहे. विडी कामगार कल्याण योजनेसाठी गेल्या वर्षी किती तरतूद झाली, सुधारित अंदाजात ती किती राहिली आणि प्रत्यक्ष किती खर्च झाली, हे तीन आकडे मागता येतात. बेळगाव जिल्ह्यात किती शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या आणि किती प्रलंबित आहेत, कल्याण दवाखान्यांत डॉक्टरांची किती पदे रिक्त आहेत, आणि १९६६ चा कायदा संहितेत विलीन झाल्यावर घरी काम करणाऱ्या स्त्रीच्या ओळखपत्राचे काय होणार, हे विचारता येते. विडीवरील करात मिळालेल्या सवलतीचा एक ठरावीक हिस्सा कल्याण निधीकडे वळवावा, अशी सूचना करता येते. आठवड्याच्या अखेरीस संसदीय कामकाज मंत्री पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम जाहीर करतात, तेव्हा अमुक मंत्रालयावर चर्चा घ्या, असे खासदार सुचवू शकतात. शेट्टर आणि कागेरी सत्ताधारी बाकांवर आहेत, जारकीहोळी विरोधी बाकांवर. या प्रश्नात तिघांचे पक्ष आड येण्याचे कारण नाही.

मजुरीचा दर ठरवणे हे राज्याचे काम आहे आणि त्यासाठी बेंगळुरूकडे वा डिसेंबरमध्ये बेळगावात भरणाऱ्या विधिमंडळाकडेच जावे लागेल. सीमेच्या दोन बाजूंना दोन राज्यांचे दर वेगवेगळे असतात आणि कारखानदार त्यांचा लाभ घेऊ शकतात, हीसुद्धा जुनी अडचण आहे. केंद्राचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे, कारण तो एका ओळीतील एका रकमेचा आहे.

रविवारी अर्थमंत्र्यांचे भाषण संपल्यावर निपाणीत विडीचा भाव आणि वखारींची उलाढाल यांची चर्चा होईल. खर्चाचे तपशीलवार तक्ते त्याच दुपारी अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उपलब्ध होतील. कामगार मंत्रालयाच्या तक्त्यात विडी कामगारांसमोरचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला, हे तेथे दिसेल. तो घटलेला असेल, तर तो बदलून घेण्यासाठी मार्चच्या गिलोटिनपूर्वी सहा-सात आठवडे हाती असतील.